मत आपलं, किल्ली कुणाची?

वांद्रे पूर्वेच्या एका मराठी शाळेत मी अठ्ठावीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्राची आपल्याकडे काय किंमत असते, ते तुम्हाला ठाऊक आहेच. इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेलं ते एक शेपूट. परीक्षेच्या आदल्या रात्री चाळायचं, लिंकनची लोकशाहीची व्याख्या घोकायची आणि पेपर लिहून मोकळं व्हायचं. शिकवणाऱ्यांनाही त्याचं फारसं काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

अशाच एका तासाला नववीतल्या एका मुलानं हात वर केला. मी फळ्यावर महानगरपालिकेचा तक्ता काढत होते. खाली मतदार, त्यावर नगरसेवक, त्यावर महापौर, बाजूला एका चौकोनात आयुक्त. तो म्हणाला, ‘‘बाई, आम्ही मत देतो नगरसेवकाला. पण रस्ता कधी खणायचा ते आयुक्त ठरवतात. मग आयुक्तांना मत कुणी दिलं?’’ वर्ग हसला. मी पुस्तकातलं उत्तर दिलं, आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करतं. तो खाली बसला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. खरं सांगायचं, तर माझंही नाही. त्या चौकोनाचा इतिहास मी पुढे बरीच वर्षं शोधत राहिले. तो शोध मला, गंमत म्हणजे, वांद्र्याहून थेट अमेरिकेपर्यंत घेऊन गेला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. गुलामगिरी ठेवायची की नाही, हा त्या भांडणाच्या मुळाशी असलेला प्रश्न. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, तिथला कापूस इंग्लंडला जाणं थांबलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्याकडे हात पसरला. मुंबईत अक्षरशः पैशांचा पाऊस पडला. बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, शेअरचे भाव आभाळाला टेकले. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं, अमेरिकन कापूस पुन्हा बाजारात आला आणि मुंबईचा फुगा फुटला. कालचे लक्षाधीश दिवाळखोर झाले.

त्याच १८६५ साली मुंबईच्या कारभारासाठी नवा कायदा झाला होता. शहराचा कारभार जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे सरकारनं नेमलेल्या प्रतिष्ठित मंडळींच्या नावे. पण सगळी अंमलबजावणी एका माणसाच्या हाती, म्युनिसिपल कमिशनरच्या. हे पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. माणूस धडाडीचा. रस्ते केले, गटारं केली, साफसफाईची शिस्त लावली, मोठी मंडई बांधली. ती क्रॉफर्ड मार्केट म्हणून प्रसिद्ध झाली, आणि आज तिला महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव आहे. पण क्रॉफर्डसाहेब खर्च करताना मागेपुढे पाहत नसत. शहर बुडालेलं, आणि वर कराची मागणी वाढती. १८७१ मध्ये घरमालकांनी, करदात्यांनी ओरडा सुरू केला. नवरोजी फर्दुनजींसारखी मंडळी पुढे झाली. पैसा आमचा, तर तो कसा खर्च होतो हे आम्हाला विचारा, एवढीच त्यांची मागणी.

ही मागणी ऐकल्यावर अमेरिकेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. शंभर वर्षांपूर्वी तिकडच्या वसाहतींनी ब्रिटिश पार्लमेंटला हेच सुनावलं होतं : जिथे आमचा प्रतिनिधी नाही, त्या सभेला आमच्यावर कर बसवण्याचा अधिकार नाही. तिथे त्यातून युद्ध झालं आणि नवं राष्ट्र जन्माला आलं. मुंबईत सभा झाल्या, अर्जविनंत्या झाल्या आणि म्युनिसिपल कायदा बदलला. आपली रीत जरा वेगळी!

या भांडणात एका तरुण बॅरिस्टरची भूमिका मला फार मोलाची वाटते. फिरोजशहा मेहता तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. सगळं शहर क्रॉफर्डच्या नावानं खडे फोडत असताना हा गृहस्थ भर सभेत उभा राहिला आणि क्रॉफर्डची बाजू घेऊन बोलला. लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. त्यांचं म्हणणं असं होतं की, दोष या माणसाचा नाही, रचनेचा आहे. काम करायला एकच जबाबदार माणूस हवा, दहाजणांच्या समितीकडून गटार बांधून होत नाही. पण त्या माणसाला जाब विचारणारी सभा लोकांनी निवडलेली हवी. सत्ता गाजवणारा आणि सत्तेवर लक्ष ठेवणारा, हे दोघं वेगळे असावेत.

१८७२ चा कायदा बराचसा याच दिशेनं गेला. चौसष्ट सभासदांची सभा झाली. त्यांतले बत्तीस करदात्यांनी निवडायचे, सोळा जस्टिसांनी निवडायचे, सोळा सरकारनं नेमायचे. कमिशनर मात्र सरकारचाच. अर्धी लोकशाही म्हणा. ‘लोक’ म्हणजे तरी कोण? वर्षाला निदान पन्नास रुपये कर भरणारे. त्या काळी पन्नास रुपये म्हणजे चैन नव्हे, श्रीमंती. साडेसहा लाखांच्या शहरात असे लोक मूठभरच.

पहिली निवडणूक १८७३ मध्ये झाली. त्याच साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त करण्याच्या त्यांच्या कार्यासाठी. मी वर्गात ही दोन सालं फळ्यावर शेजारी शेजारी लिहीत असे. ज्या युद्धातून मुंबईत पैसा आला, बुडाला आणि त्या बुडण्यातून मतपेटी आली, त्याच युद्धाकडे पाहून जोतीराव वेगळाच प्रश्न विचारत होते : माणसाला माणूस म्हणून मोजणार की नाही? एकीकडे पन्नास रुपयांचा करदाता, दुसरीकडे नुसता माणूस. पुढची पाऊणशे वर्षं आपल्याकडचं प्रतिनिधित्वाचं भांडण या दोन टोकांमध्ये चाललं.

तुम्ही म्हणाल, या सगळ्यात वांद्रे कुठे आहे? त्या वेळी वांद्रे मुंबईत नव्हतंच. माहीमच्या खाडीपलीकडचं ते साष्टीतलं गाव, ठाणे जिल्ह्यात मोडणारं. खाडीवरचा रस्ता लेडी जमशेटजींच्या देणगीतून १८४० च्या दशकात झाला, तोवर इकडून तिकडे जायला होडी. कोळी, ईस्ट इंडियन शेतकरी, भंडारी, बाजारातले कोकणी मुसलमान असं ते मिश्र गाव. १८७६ मध्ये वांद्र्याला स्वतःची नगरपालिका मिळाली. योगायोग असा की, जोतीरावांची पुण्याच्या नगरपालिकेवर सदस्य म्हणून नेमणूक झाली तीही त्याच साली. वांद्र्याचा कारभार वांद्र्यात होऊ लागला. रस्त्यावरचा दिवा, विहिरीचं पाणी, बाजारातली घाण, यांची तक्रार घेऊन जायचं ते आपल्याच गावातल्या कचेरीत. ही व्यवस्था पाऊण शतक टिकली. त्या काळी सगळ्यांना मत नव्हतं, हे खरं. पण सत्ता पायी जाऊन गाठण्याच्या अंतरावर होती, हेही खरं.

इकडे मुंबईत १८८८ चा कायदा आला. तोच, पुष्कळ दुरुस्त्यांसह, आजही लागू आहे. फिरोजशहांचा या कायद्यावर मोठा ठसा आहे. महापालिकेच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा उभा आहे तो उगीच नव्हे. या कायद्यानं तो चौकोन पक्का केला. ठराव करणं, अंदाजपत्रक मंजूर करणं, प्रश्न विचारणं हे सभेचं काम. अंमलबजावणी आयुक्तांची. तिजोरीला जणू दोन किल्ल्या. सभेच्या मंजुरीवाचून आयुक्तांना खर्च करता येत नाही आणि सभेला स्वतः उठून खर्च करता येत नाही. सभागृहातल्या एकूण सदस्यांपैकी आठास पाच जणांनी ठरावाच्या बाजूनं मत दिलं, तर सरकारला आयुक्त परत बोलवावे लागतात, अशी तरतूदही कायद्यात आहे.

अमेरिकन राज्यघटनेतली सत्तेची विभागणी वाचताना मला ही रचना ओळखीची वाटली. तिथेही राज्य चालवणारा राष्ट्राध्यक्ष वेगळा आणि पैसा मंजूर करणारी काँग्रेस वेगळी. राष्ट्राध्यक्षाला दूर करायचं, तर सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. कुणा एकावर फार विश्वास टाकायचा नाही, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. फरक आहे तो मुळात. तिथे दोघेही आपापल्या वाटेनं लोकांकडूनच येतात. न्यूयॉर्कचा महापौर लोक थेट निवडतात आणि शहर तोच चालवतो. डॅलस, फिनिक्स यांसारख्या शहरांत आपल्या आयुक्तांसारखा एक पगारी कारभारी असतो, पण त्याला नेमते आणि घरी पाठवते ती निवडून आलेली नगरसभा. आपल्याकडे एक किल्ली मतदारांच्या प्रतिनिधीकडे आणि दुसरी मंत्रालयातून आलेली. महापौरांचा झगा भरजरी, पण त्याला खिसा नाही. १९९८ मध्ये मुंबईत महापौर परिषदेचा प्रयोग झाला, महापौर आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे खरा कारभार देण्याचा. वर्षभरातच, १९९९ मध्ये, तो गुंडाळला गेला.

म्हणजे माझ्या विद्यार्थ्याला खरं उत्तर असं द्यायला हवं होतं : बाळा, आयुक्तांना कुणी मत दिलेलं नाही, आणि ते चुकून राहून गेलेलं नाही. ज्यांनी हा कायदा केला, त्यांना तुमच्या-माझ्या पणजोबांवर तेवढा भरवसा नव्हता. पुढे भरवसा वाढला, दार रुंद झालं, पण दारामागची खोली तीच राहिली.

दार रुंद कसं झालं, तेही पाहण्यासारखं आहे. १९२२ मध्ये घरमालकांबरोबर महिना दहा रुपये भाडं भरणाऱ्या भाडेकरूलाही मत मिळालं. १९३८ मध्ये सरकारी नेमणुका गेल्या. आणि १९४८ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मतदानानं झाली. घर असो-नसो, अक्षर येवो-न येवो, एकवीस वर्षांच्या प्रत्येकाला मत. देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायला अजून तीन-चार वर्षं होती. आणि लोकशाहीचं माहेर म्हणून आपण ज्या अमेरिकेकडे बघतो, तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत १९४८ मध्ये काळ्या नागरिकाला मतदार यादीत नाव घालायला गेलं, तर वाचन-परीक्षा घेऊन, मतपट्टी भरायला लावून, नाहीतर सरळ धमकावून परत पाठवत. घटनेच्या पंधराव्या दुरुस्तीनं १८७० मध्येच त्याला मत दिलं होतं. ते प्रत्यक्ष हाती पडायला १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला. कागदावरचं मत आणि हातातलं मत यांत पंचाण्णव वर्षांचं अंतर.

हे अंतर ज्यानं फार लवकर ओळखलं, तो माणूस न्यूयॉर्कमध्ये शिकलेला होता. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. परत आल्यावर जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मुंबईत त्यांची साक्ष झाली. मताधिकार कुणाला द्यावा, हे ती समिती ठरवत होती. तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नसलेल्या या प्राध्यापकानं मांडलेला मुद्दा आजही ताजा आहे. माझ्या शब्दांत सांगायचं, तर असा : माझी मतं मांडणारा कुणीतरी सभेत असला, एवढ्यानं भागत नाही, माझ्यासारखी माणसं स्वतः त्या सभेत बसली पाहिजेत. आपल्याबद्दल दुसरा कितीही चांगलं बोलला, तरी ते दुसऱ्याचंच बोलणं. १९९२ पासून मुंबई महापालिकेत स्त्रियांसाठी राखीव जागा आल्या, पुढे त्या निम्म्या झाल्या, त्यामागचा विचार हाच. आज २२७ पैकी ११४ जागा स्त्रियांच्या आहेत. ‘‘नवराच कारभार करतो,’’ असं हसून म्हणणारे पुष्कळ. मी त्यांना विचारते, पूर्वी कोण करत होतं?

१९५० मध्ये वांद्र्याची नगरपालिका मुंबई महापालिकेत विलीन झाली. पुढे १९५७ मध्ये मुलुंड-दहिसरपर्यंतची उपनगरंही आली. पाणी, गटारं, दवाखाने यांच्या दृष्टीनं हे बरंच झालं असेल. एकट्या गावाला हे झेपलं नसतं. पण वांद्रेकरांच्या हातून एक गोष्ट निसटली. ज्या गावाची स्वतःची सभा होती, ते गाव मोठ्या सभेतले काही वॉर्ड झालं.

प्रतिनिधी किती माणसांमागे एक असावा? हा हिशेब वरवर रुक्ष दिसतो. पण फिलाडेल्फियात १७८७ मध्ये अमेरिकेची घटना तयार झाली, तेव्हा तीन-चार महिने अध्यक्षपदावर जवळपास मौन पाळून बसलेले जॉर्ज वॉशिंग्टन अगदी शेवटच्या दिवशी बोलले ते याच मुद्द्यावर. मसुद्यात चाळीस हजारांमागे एक प्रतिनिधी असा आकडा होता. तो तीस हजार करा, असं त्यांनी सुचवलं आणि सभेनं ते लगेच मान्य केलं. प्रतिनिधी माणसांपासून फार लांब जाऊ नये, एवढीच चिंता. आज तिथल्या प्रतिनिधीगृहात ४३५ जागा आहेत आणि एकेका प्रतिनिधीमागे साडेसात लाखांच्या वर माणसं. आपल्या मुंबईत २०११ च्या जनगणनेप्रमाणे एका नगरसेवकामागे सुमारे पंचावन्न हजार. म्हणजे वॉशिंग्टनसाहेबांच्या कल्पनेच्या जवळ कोण असेल, तर तो आपला नगरसेवक!

आता एक माझा स्वतःचा अनुभव. आम्हा शिक्षकांच्या नशिबी निवडणुकीचं काम ठरलेलं. २००४ च्या विधानसभेला माझी ड्यूटी उपनगरातल्या एका शाळेत होती. सकाळी सातपासून रांग जी लागली, ती संपेना. चिंबईची एक कोळीण आजी नातीचा हात धरून आली. बोटाला शाई लावताना म्हणाली, ‘‘बावन सालापासून एकदा पण चुकवलं नाय. आमच्या बापाला नव्हतं ना मत.’’ मग यंत्राकडे बघून विचारलं, ‘‘हे दाबलं की माझं एक मत म्हणजे एकच ना गो?’’ मी म्हटलं, ‘‘एकच हो, आजी. सगळ्यांचं एकच.’’

मी तिला खोटं सांगितलं होतं, हे मला नंतर आकडे बघताना कळलं. तेव्हा मुंबईतून चौतीस आमदार जात. सतरा शहरातून, सतरा उपनगरांतून. ही वाटणी १९७१ च्या जनगणनेवर बेतलेली. तेव्हा दोन्हीकडची वस्ती जवळपास सारखी, तीस लाखांच्या आसपास. पुढच्या तीस वर्षांत गिरण्या बंद पडल्या, चाळीतली बिऱ्हाडं बोरिवली-मुलुंडला गेली, बाहेरून आलेली माणसंही उपनगरांतच सामावली. २००१ च्या जनगणनेत शहर तेहेतीस लाखांवर, तर उपनगरं शहाऐंशी लाखांवर. आमदार मात्र सतरा आणि सतराच. शहरात एका आमदारामागे दोन लाखांहून कमी माणसं, उपनगरांत पाच लाखांहून जास्त. माहीमच्या खाडीच्या त्या काठावर असलेल्या माणसाचं मत या काठावरच्या आजीच्या मताच्या अडीचपट वजनाचं होतं. खाडी तीच, लेडी जमशेटजींनी बुजवलेली.

अमेरिकेत हाच प्रश्न कोर्टात गेला होता. टेनेसी राज्यानं १९०१ नंतर विधानसभेचे मतदारसंघ नव्यानं आखलेच नव्हते. मेम्फिससारखी शहरं फुगली, खेडी ओसरली, तरी जागा खेड्यांच्याच जास्त. आमदारांनी आखणी बदलायची, तर स्वतःचीच जागा घालवायची, कोण करेल? अखेर मेम्फिस भागातला चार्ल्स बेकर नावाचा मतदार सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ मध्ये ‘बेकर विरुद्ध कार’ या खटल्यात न्यायालयानं सांगितलं की, यात आम्ही लक्ष घालू शकतो. आणि १९६४ मध्ये अलाबामाच्या ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’ खटल्यात सरन्यायाधीश अर्ल वॉरेन यांनी निकाल दिला : आमदार माणसांचे प्रतिनिधी असतात, झाडांचे नि एकरांचे नव्हेत; तेव्हा मतदारसंघांची लोकसंख्या शक्यतो सारखी हवी. त्याच अमेरिकेत सिनेटला मात्र हा नियम लागू नाही. कॅलिफोर्नियाचे दोन, आणि पावणेसहा लाखांच्या वायोमिंगचेही दोनच. लोकशाहीच्या घरात अशा न बुजवलेल्या खिडक्या असतात.

आपल्याकडे परिसीमन आयोगानं हे काम केलं. २००८ मध्ये नवी आखणी लागू झाली आणि २००९ च्या निवडणुका तिच्यावर झाल्या. शहराच्या जागा सतरावरून दहा झाल्या, उपनगरांच्या सतरावरून सव्वीस. आता दोन्हीकडे एका आमदारामागे सुमारे सव्वातीन लाख माणसं, २००१ च्या हिशेबानं. मुंबईच्या राजकारणाचा तराजूच कलला. पण त्या वर्षी पेपरांत चर्चा होती ती कुठल्या नेत्याचा मतदारसंघ गेला याची. माझ्या कोळीण आजीचं मत पूर्ण वजनाचं झालं, याची बातमी काही मला दिसली नाही.

त्याच सुमारास आमच्या वरच्या अंगाला, जुहूला, एक वेगळा प्रयोग झाला. २००७ च्या महापालिका निवडणुकीत तिथल्या नागरिकांनी एकत्र येऊन आपल्यातलाच उमेदवार उभा केला आणि अ‍ॅडॉल्फ डिसूझा कुठल्याही पक्षाच्या आधाराशिवाय निवडून आले. आम्ही शिक्षकांनी तेव्हा स्टाफरूममध्ये पैजा लावल्या होत्या. मी हरले. पक्ष नसलेला माणूस सभागृहात एकटा पडतो, हे खरं. तरीही प्रतिनिधी वरून पाठवला जाण्याऐवजी खालून निघू शकतो, हे मुंबईकरांनी एकदा पाहिलं.

आणि मग असा काळ आला की, प्रतिनिधीच नाही. ७ मार्च २०२२ रोजी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली. इतर मागासवर्गाचं आरक्षण, वॉर्डांची संख्या २३६ की २२७, यांवरून वाद न्यायालयांत गेले आणि निवडणूक लांबत राहिली. खरं तर घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीत स्पष्ट आहे की, पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि नवी निवडणूक मुदत संपण्याआधी पूर्ण व्हायला हवी. पूर्वी १९८४-८५ मध्येही प्रशासकाचा अंमल होता, पण तो वर्षभराचा. या वेळी तो जवळपास चार वर्षं चालला. आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या एकाच कमरेला. अंदाजपत्रक प्रशासनानं मांडायचं आणि प्रशासकांनीच मंजूर करायचं. २०२२-२३ चं अंदाजपत्रक पंचेचाळीस हजार नऊशे कोटींच्या वर होतं, २०२५-२६ चं चौऱ्याहत्तर हजार चारशे कोटींच्या वर. कारभार वाईट झाला असं मी म्हणत नाही. क्रॉफर्डनंही मंडई चांगलीच बांधली होती. प्रश्न, काम कसं झालं हा नव्हता. विचारायला सभेत कोण होतं, हा होता. १८७१ मध्ये करदात्यांनी जे मागितलं, ते २०२२ मध्ये आपण हरवून बसलो, आणि फारसा गलका झाला नाही. याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

अमेरिकेत ऐन यादवी युद्धात, १८६४ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. आपण हरू असं लिंकनना स्वतःला वाटत असतानाही ती पुढे ढकलली गेली नाही. पण तिथेही एक जागा आहे. राजधानी वॉशिंग्टन. जवळपास सात लाख लोक, वायोमिंगपेक्षा जास्त. पण ते कुठल्याच राज्यात मोडत नाहीत, म्हणून काँग्रेसमध्ये त्यांचा मत देऊ शकणारा एकही सदस्य नाही. एक प्रतिनिधी असते, तिला बोलता येतं, अंतिम मतदानात भाग घेता येत नाही. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर २००० सालापासून ही तक्रार छापलेली असते : कर आहे, प्रतिनिधित्व नाही. निदान ते रोज रस्त्यावर वाचतात तरी.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अखेर १५ जानेवारी २०२६ ला मुंबईत महापालिकेची निवडणूक झाली. फेब्रुवारी २०१७ नंतर थेट तेव्हा. मी सकाळी लवकर गेले. रांगेत माझ्यापुढे शेजाऱ्यांची मुलगी होती. मागची निवडणूक झाली तेव्हा तिला अठरा पुरी व्हायला महिना कमी होता. आता सव्वीस संपत आलेली, कडेवर एक मूल. लोकसभेला, विधानसभेला दोन-दोनदा मत दिलेलं, पण महापालिकेचं हे पहिलंच. तिनं वळून विचारलं, ‘‘काकू, आमदाराकडे काय मागायचं ते कळतं. नगरसेवकाकडे नक्की काय न्यायचं असतं?’’

रांग मोठी होती. मी तिला क्रॉफर्डपासून सांगायला सुरुवात केली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित पाठ)